मेणवलीची घंटा आणि वसईचं देऊळ

कृष्णाकाठ (वाई)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी वाईचा. मेणवली आमच्या घरापासून तीन किलोमीटर. शाळेत असताना सायकलवर डबलसीट जायचं, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर डुंबायचं आणि ओल्या अंगानं मेणेश्वराजवळच्या त्या घंटेखाली जाऊन उभं राहायचं, हा आमचा मे महिना. दगडी घंटाघरात टांगलेली ती घंटा ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. वजन साडेसहाशे किलोच्या घरात सांगतात. अंगावर बाळ घेतलेल्या बाईची आकृती आणि १७०७ हे साल. आमच्या आजीच्या लेखी ती यशोदा. सहावीत सरांनी सांगितलं की ती मेरी आहे, घंटा चर्चची आहे, मराठ्यांनी वसई घेतली तेव्हाची. मी घरी येऊन मोठ्या शहाणपणानं आजीच्या कानावर घातलं. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काय, लावलेलं कुंकू पुसून येऊ?"

विषय तिथेच संपला तो चाळीस वर्षं.

यंदा जानेवारीत मेव्हण्याकडे वसईला गेलो. नानांनी जिथून घंटा आणली तो किल्ला एकदा बघावा, एवढाच हेतू. किल्ला वसई गावात, स्टेशनपासून बराच लांब. एका बाजूला खाडी आणि समुद्र, आत झाडीत एकामागून एक चर्चचे सांगाडे. छपरं गेलेली, भिंतींतून पिंपळाची मुळं लोंबतायत. सेंट जोसेफच्या कॅथीड्रलचा मनोरा मात्र अजून उभा आहे. त्याच्या रिकाम्या कमानीकडे बघत मी बराच वेळ उभा होतो. बायको म्हणाली, आता ऊन लागेल, चला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. मेव्हण्याचे शेजारी ख्रिस्ती, मूळचे निर्मळ गावचे. म्हणाले, पडकी चर्चं बघितलीत, आता चालू असलेलं बघा. रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर निर्मळच्या होली क्रॉसला गेलो. पोर्तुगीजांच्या काळापासूनचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती. आम्ही मागच्या बाकावर. पुढे लाल लुगड्यातल्या दोनतीन म्हाताऱ्या, बाकी सगळं आपल्यासारखंच. मिस्सा (त्यांचा मुख्य प्रार्थनाविधी) अख्खी मराठीत. गाणी पेटी-तबल्यावर, आणि एक चाल तर थेट आपल्या भजनाची.

प्रवचन ठीक होतं. त्यानंतरच्या सूचनांनी मात्र मला खिळवून ठेवलं. कुणाचं कुणाशी लग्न ठरलंय ते नावगावासकट वाचलं, कुणाला अडचण ठाऊक असेल तर कळवा म्हणाले. अमुक आळीतल्या अमुक आजींना जाऊन महिना झाला, त्याची मिस्सा. दहावीच्या मुलांना गणिताचे जादा तास, शिकवणारे गावातलेच. दफनभूमीची साफसफाई, प्रत्येक घरातून एक माणूस, कोयता आपापला आणावा. रक्तदान. कुणाच्या तरी हरवलेल्या चाव्या. मी मेव्हण्याला म्हटलं, ही तर ग्रामसभा आहे, फक्त लोक वेळेवर आलेत!

परत येताना डोक्यात एकच घोळत होतं. आपण मेणवलीला पाहुणे नेतो आणि "ही वसईच्या विजयाची निशाणी" म्हणून सांगतो. ते खरंच आहे. पण ती घंटा ओतली तेव्हा कुणी निशाणी म्हणून ओतली नव्हती. ती गावाचं घड्याळ होती, आणि बोलावणंही.

तिकडचं कुणी इथे असेल तर लिहा. विशेषतः समुद्रकाठचे. निर्मळ तसं वाडीबागायतीचं गाव निघालं, मला कोळीवाड्यात जायला जमलं नाही.

दुर्गवेडा (सातारा)

छान लिहिलंय. एक दुरुस्ती. "नानांनी जिथून घंटा आणली" हे चूक. वसई पडली मे १७३९ मध्ये. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा, आणि तोही आपल्या साताऱ्यात. घंटा वसईहून घाटावर चढली तेव्हा नाना जन्मलेच नव्हते.

थोडी भर घालतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून २०५ वर्षं त्यांचा अंमल. चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ ला सुरू झाली, दोन वर्षं चालली आणि शेवटी सेंट सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवून तट फोडला. त्या एका वेढ्यात आपली माणसं हजारोंनी पडली. हे विसरून नुसता विजय सांगू नये. गादी तेव्हा साताऱ्यात, शाहू महाराजांची. म्हणजे फत्ते कोकणात झाली, पण ती ज्यांच्या नावानं झाली ते छत्रपती आपल्या अजिंक्यताऱ्याखाली होते.

घंटा बऱ्याच आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. खणखणीत आवाजाच्या माणसाला नाशिककर "नारोशंकराची घंटा" म्हणतात ती हीच. भीमाशंकरला एक आहे. आणि तुमची मेणवलीची.

रोखठोक

लेख वाचला. सगळं गोडगोड. फिरंग्यांनी उत्तर कोकणात किती देवळं पाडली, किती लोक जबरदस्तीनं बाटवले, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) काय करत होतं, त्याचा एक शब्द नाही. चिमाजी अप्पा काही घंटा चोरायला गेले नव्हते. ती घंटा तिथेच राहील. आता लगेच कुणीतरी "परत करा" म्हणेल म्हणून आधीच लिहून ठेवतो.

दुर्गवेडा (सातारा)

रोखठोक, परत करा असं कुणीच म्हटलेलं नाही, तुम्हीच म्हणालात. जुलूम झाले, त्यावरूनच मोहीम पेटली, त्यात वाद नाही. पण तहाची कलमंही वाचा. पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, कुटुंबकबिल्यासकट बाहेर पडू दिलं, आणि जे रयत म्हणून मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. अप्पांनी वज्रेश्वरीला केलेला नवस फेडून देऊळ बांधलं, आणि त्याच मुलखात चर्चमधल्या प्रार्थनाही चालू राहिल्या. मराठी राज्याची ही बाजू मला तरी घंटेपेक्षा मोठी वाटते.

रोखठोक

तुमचं तुम्हाला वाटू द्या. माझं मत आहे ते आहे.

पाचूबंदरची (सध्या मिरज)

कृष्णाकाठ दादा, तुम्ही समुद्रकाठचं कुणी असेल तर लिहा म्हणालात, म्हणून पहिल्यांदाच लिहितेय. एरवी नुसती वाचते. मी वसईच्या पाचूबंदरची कोळीण, ख्रिस्ती. नर्सिंगला मिरजेला आले ती इथलीच झाले, बावीस वर्षं झाली.

पहिलं म्हणजे, आमच्याकडे म्हातारी माणसं चर्चला चर्च म्हणतच नाहीत. देऊळ म्हणतात. "देवळात जाऊन येते" म्हटलं की माझी इथली रूममेट विचारायची, कुठल्या गो, गणपतीच्या?

तुम्ही घंटेला घड्याळ म्हणालात. आमच्याकडे ती घड्याळापेक्षा जास्त होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा वाजायची. संध्याकाळची वाजली की आई हातातलं काम सोडून उभ्या उभ्या प्रार्थना म्हणायची, चुलीवर काही का असेना. कुणी गेलं की वेगळी वाजायची, थांबून थांबून, एकेक टोला. ती ऐकली की सगळ्या बायका ओट्यावर यायच्या आणि आधी समुद्राकडे बघायच्या, मग एकमेकींकडे. कोण आत गेलंय, कोण आलं नाही, याचा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात असायचा. माझ्या बाबांची बोट डोलीची (पिशवीसारख्या मोठ्या जाळ्याची), बोंबील, जवळा. एकदा वादळात ते रात्रभर आले नाहीत. आई देवळात जाऊन बसली. तिच्यासारख्या आणखी सातआठ जणी होत्या. फादर म्हणे काहीच बोलले नाहीत, नुसते दिवे चालू ठेवून माळ जपत बसले, आणि सिस्टरनी सगळ्यांना काळा चहा करून दिला. पहाटे बोटी आल्या. आई घरी येऊन पहिलं काय बोलली असेल? "चहात साखर फार होती."

जून-जुलै मासेमारी बंद. बोटी वर काढलेल्या, जाळी विणायची, रंगकाम, कर्ज काढायचं. ते दोन महिने देऊळ भरलेलं असतं, कारण पुरुष घरी असतात. एरवी रविवारीही निम्मे समुद्रात. पाऊस सरत आला की बोटी पाण्यात घालायच्या आधी फादर बंदरावर येतात, एकेका बोटीवर पवित्र पाणी शिंपडतात. नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, फुलांचा हार आणि क्रूस. आणि नारळी पौर्णिमाही आमची असतेच हं. समुद्राला नारळ द्यायचा नाही असं आजोबांना कुणी सांगून बघायला हवं होतं! त्यांचं म्हणणं, देव देवळात आहे तो आहे, पण रोजचा व्यवहार दर्याशी.

रोखठोक काका, तुमचा राग मी समजू शकते. पण आमचे पूर्वज कसे ख्रिस्ती झाले हे आम्हाला विचारून झालं नव्हतं, आणि १७३९ नंतर ते राहिले तेही कुणी धरून ठेवलं म्हणून नव्हे. पोर्तुगीज बोटीत बसून गेले. आम्ही राहिलो, कारण आमच्या बोटी मासे धरायच्या होत्या.

कृष्णाकाठ (वाई)

ताई, शेवटच्या वाक्याला नमस्कार. आणि दुर्गवेडा, दुरुस्ती मान्य. चाळीस वर्षं पाहुण्यांना चुकीचं सांगत आलोय, त्यातले निम्मे पुण्याचे होते, त्यांनी ती चूक एव्हाना आणखी दहा जणांना सांगितली असेल.

किरण_मिरज

पाचूबंदरच्या ताई, मिरजेत कुठे? बहुतेक आपण एकाच आवारातले.

मी मिरजेचा, तीन पिढ्या ख्रिस्ती, पण आमची परंपरा वेगळी. इथल्या लोकांना चर्च म्हटलं की सगळं एकच वाटतं, म्हणून लिहितो. सांगली-मिरज-साताऱ्याकडचे बहुतेक ख्रिस्ती प्रोटेस्टंट, अमेरिकन मिशनऱ्यांच्या काळातले. म्हणजे एकोणिसावं शतक. मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी मिशनची नोकरी सोडून "देवाचा दरबार" मांडला, तो १९१७ च्या सुमारास. आमच्याकडे फादर नसतात, पाळक असतात, आणि त्यांना बायकोपोरं असतात. मिस्सा नाही, उपासना. मेरीची मूर्ती नाही. माळ नाही.

वसईला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा मीच बुजलो होतो. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, काही कळेना. शेजारच्या काकूंनी कोपरानं ढोसून ढोसून मला मिस्सा पार पाडायला लावली.

फरक मला जाणवला तो असा. आमचं चर्च हॉस्पिटल आणि शाळेच्या भोवती उभं राहिलं. माणसं वेगवेगळ्या गावांतून येऊन जमली. वसईत गाव आधी आहे, जमीन आधी आहे, आणि चर्च चारशे-साडेचारशे वर्षं त्या गावात मुरलंय. तिथल्या नोंदवह्यांमध्ये माणसाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एकाच चर्चमध्ये सापडतं. आमच्यात बाप्तिस्मा मिरजेत, लग्न कोल्हापुरात आणि माती पुण्यात, असं चालतं.

हिशेबनीस (सांगली)

घंटाबिंटा मला कळत नाही, पण सहकाराचा विषय निघाला की सांगलीकराला राहवत नाही, म्हणून लिहितो. निघाला नव्हता, मी काढतोय.

बॅसिन कॅथॉलिक बँक हे नाव वसई-विरारकडे ज्यांचं येणंजाणं आहे त्यांनी पाटीवर वाचलं असेल. तिची सुरुवात १९१८ ची, पतपेढी म्हणून. सुरू करणारे एक धर्मगुरू, मॉन्सिनियर पी. जे. मोनीस. सावकाराच्या कचाट्यातून वाडीवाल्यांना आणि मच्छीमारांना सोडवायला चर्चच्या आवारातून पतपेढी निघाली, हे मला फार आवडलं. आमच्याकडचे सहकारी साखर कारखाने स्वातंत्र्यानंतरचे. एखाद्या फादरला १९१८ मध्ये हिशेबाच्या वहीचं महत्त्व कळलं होतं, आणि आमच्या काही पुढाऱ्यांना अजून कळायचंय. असो. अवांतर थांबवतो.

पाचूबंदरची (सध्या मिरज)

किरण दादा, हो, एकाच आवारात! मग भेटू.

हिशेबनीस काका, बरोबर. आमच्या पहिल्या इंजिनाचं कर्ज कुठून आलं ते बाबांना विचारून सांगते. पण एक खरं, वसईत धर्मगुरू नुसते वेदीवर उभे राहिले नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो सगळ्यांना ठाऊक असतील, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आमच्याकडे ते आधी आठवतात हरित वसईसाठी. विहिरींचं पाणी टँकरनं जायला लागलं, बागायतीवर इमारती यायला लागल्या, तेव्हा त्यांनी लोकांना घेऊन रस्त्यावर उतरायचं धाडस केलं. "सुवार्ता" मासिक चर्चचं, पण त्यात ते झाडांवर, पाण्यावर, संतसाहित्यावर लिहायचे. २०२४ च्या जुलैत गेले तेव्हा आमच्या घरी फोनवर आई नुसती रडत होती, आणि ती काही त्यांच्या धर्मग्रामातली नव्हती.

सगळं चांगलंच होतं असंही नाही हं. वाडवळ वेगळे, सामवेदी वेगळे, कोळी वेगळे. देव एक, बाक एक, पण सोयरीक काढायची वेळ आली की सगळ्यांना आपापली जात आठवते. आमच्या मावशीनं निर्मळकडचा मुलगा केला तेव्हा सहा महिने दोन्ही घरं बोलत नव्हती. आणि मच्छीचा वास येतो म्हणून शाळेत आमच्या शेजारी न बसणाऱ्या मुलीसुद्धा रविवारी आमच्याच बरोबर "शांती असो" म्हणायच्या.

रोखठोक

ताई, वरचा प्रतिसाद वाचला. तुमच्यावर रोख नव्हता. घंटेबद्दलचं मत कायम.

पाचूबंदरची (सध्या मिरज)

काका, घंटा राहू द्या तिथेच. आमच्याकडे नवीन आहेत, लाउडस्पीकरही आहे. शेजारची माणसं तक्रार करतात इतका मोठा.

दुर्गवेडा (सातारा)

वसईला जाणाऱ्यांसाठी: किल्ल्यात गोन्सालो गार्सियांच्या नावानं ओळखलं जाणारं चर्च चुकवू नका. हे वसईत जन्मले, आई वसईचीच, फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये संत घोषित झाले. भारतात जन्मलेले पहिले कॅथॉलिक संत. फेब्रुवारीत त्यांच्या सणाला एरवी ओस असलेल्या त्या किल्ल्यात लोक जमतात. मी एकदा नेमका त्या वेळी किल्ल्याचा नकाशा काढायला गेलो होतो. टेप धरायला माणूस मिळेना, शेवटी मिस्सेला आलेल्या एका आजोबांनी धरला.

कृष्णाकाठ (वाई)

पाचूबंदरच्या ताई, तुम्ही मेणवली पाहिलीय का? नसेल तर या. वाईत जेवण आमच्याकडे. मासे मात्र मिळणार नाहीत, आधीच सांगतो. कृष्णेचा मरळ आणला तर तुम्ही नाकं मुरडाल.

पाचूबंदरची (सध्या मिरज)

(तीन आठवड्यांनी)

दादा, जाऊन आले. तुम्हाला न कळवता गेले, माफ करा. ड्यूटी बदलून अचानक रविवार मिळाला, किरण दादा आणि वहिनी गाडी घेऊन निघाले होते, त्यांच्यात बसले. वाटेत सातारला कंदी पेढे घेतले.

घाटावर दोनतीन बायका कपडे धूत होत्या. घंटाघराजवळ कुणी नव्हतं. माझी उंची कमी, किरण दादांनी मोबाईलची बॅटरी लावून दाखवली. माउलीच्या चेहऱ्यावरचे नाकडोळे झिजलेत, पण बाळाला धरलेला हात नीट कळतो. आणि दादा, तुमच्या आजीचं कुंकू नसेल, पण कुणाचं तरी आहे. पायापाशी. ताजं होतं.

वाजवली नाही. बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केलं, आणि एवढ्याशानं ती इतकी घुमली की कपडे धुणारी एक बाई वळून बघायला लागली. मग वर आली. म्हणाली, कुठल्या तुम्ही? म्हटलं, वसईच्या. ती म्हणाली, "मग ही तुमच्याकडचीच की." आणि पदराला हात पुसत परत खाली गेली.

आईला फोटो पाठवला. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती म्हणे, भाऊ सांगत होता. मग तिचा फोन आला. पहिला प्रश्न, "पावसात भिजते का ती तिथे?" म्हटलं, नाही, वर दगडी छप्पर आहे.

दादा, पुढच्या वेळी जेवायला नक्की. सुके बोंबील मी घेऊन येते, तुम्ही फक्त भाकरी ठेवा.